चांदा फोर्ट: परकोटाच्या आतलं गाव पायी बघताना

(या भागाचं हे लिखित रूप आहे. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावून बसमध्ये बसलेले असाल, लॅपटॉपसमोर असाल किंवा घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, तरी आजचा भाग शक्यतो चालत चालत ऐका. आजचा विषयच चालण्याचा आहे.

'चांद्यापासून बांद्यापर्यंत' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. भाषणात, बातम्यांत, प्रचाराच्या रिक्षावर. महाराष्ट्राचं एक टोक चांदा, दुसरं बांदा. बांदा सिंधुदुर्गात, आणि चांदा म्हणजे आमचं चंद्रपूर. कागदोपत्री जिल्ह्याचं नाव चांद्याचं चंद्रपूर झालं ते १९६०च्या दशकात. पण रेल्वेने जुनं नाव अजून सोडलेलं नाही. गोंदियाकडून येणारी गाडी आजही 'चांदा फोर्ट' स्टेशनवर थांबते. बाहेरगावचे मित्र विचारतात, "अरे, फोर्ट कुठे आहे? डोंगर तर दिसत नाही!" आता याचं उत्तर काय द्यायचं? ते फोर्टमध्येच उभे असतात. हा गिरिदुर्ग नाही, गावाभोवतीचा परकोट आहे. आत बाजार आहे, शाळा आहेत, तलाव आहे, तुरुंग आहे, हजारो घरं आहेत.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, शिक्षण बीटेक. इतिहासाची डिग्री नाही. पण गेली काही वर्षं घरूनच काम असल्यामुळे सकाळी लॉगिन करण्याआधी दीड-दोन तास मी या गावात पायी फिरतो. त्यातून जे दिसलं, जे वाचलं आणि लोकांनी जे सांगितलं, ते आज सांगतो.

चार दरवाजे, पाच खिडक्या

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला जटपुरा गेट, पूर्वेला अंचलेश्वर गेट, दक्षिणेला पठाणपुरा गेट आणि पश्चिमेला बिनबा गेट. हे चार मोठे दरवाजे. मधे पाच लहान वाटा आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात: बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसान खिडकी. नावं पुन्हा एकदा ऐका. देव आहेत, चोर आहे आणि मसणवटाही आहे. गावातून कोण कुठल्या वाटेने बाहेर पडायचं, ते या नावांत राहून गेलंय.

भिंतीची लांबी जुन्या इंग्रजी नोंदींत साडेपाच मैल दिलीय, म्हणजे जवळपास ९ किलोमीटर. आज गावात कुणालाही विचारा, ११ किलोमीटर सांगतील. आकडा कोणताही धरा, एका रविवारी हा फेरा पायी पूर्ण होतो. उत्तरेच्या गेटपासून दक्षिणेच्या गेटपर्यंत सरळ गेलात, तर रमतगमतसुद्धा तासाभरात पोचता.

जटपुरा गेटपासून सुरू करू. चंद्रपूरकरांसाठी जटपुरा गेट म्हणजे ट्रॅफिक जॅम. सकाळी दहानंतर तिथे हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. गाडीवर असताना आपली नजर पुढच्याच्या ब्रेकलाइटवर असते. म्हणून सहा-साडेसहाला पायी जा आणि कमानीच्या बाजूला मान वर करून बघा. दगडात कोरलेला सिंह आहे आणि त्याने हत्तीला नमवलंय. हे चांद्याच्या गोंड राजांचं राजचिन्ह. हजारो लोक रोज या चिन्हाखालून कॉलेजला, ऑफिसला, भाजीला जातात. मीही शाळेत असताना सायकलवर रोज जायचो. पण हे कोणाचं चिन्ह आहे, हे मला कोणत्याच पुस्तकाने सांगितलं नाही. शिवाजी महाराज होते, मुघल होते, पेशवे होते. ज्या राजांनी माझं गाव बांधलं ते मात्र नव्हते.

ससा, कुत्रा आणि एक आजारी राजा

गोंड राजांची आधीची राजधानी सिरपूर, जे आज तेलंगणात आहे. मग बल्लारपूर. तिथून ती चंद्रपूरला आली, आणि ती का आली याची एक गोष्ट आहे.

खांडक्या बल्लाळशाह नावाचा राजा. परंपरेप्रमाणे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या अंगभर गाठी आणि फोड. कोणत्याही औषधाने बरे होईनात. एकदा शिकारीला निघाला असता त्याला तहान लागली. झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खड्ड्यात पाणी दिसलं. तो ते प्यायला, त्या पाण्याने हातपाय धुतले, आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागली. सकाळी राणीने बघितलं तर फोड बसलेले. त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे एक दिवस राजाला अजब दृश्य दिसलं. त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे एक ससा लागला होता! सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेवर कोट बांधा, असं राणीने सुचवलं, आणि हे गाव उभं राहिलं.

कुत्र्याच्या मागे ससा लागल्याच्या गोष्टी भारतातल्या बऱ्याच राजधान्यांबद्दल सांगतात, हे मला माहीत आहे. पण या गोष्टीत एक गोष्ट खरी आहे आणि ती पायी फिरल्यावरच कळते, ती म्हणजे पाणी. पूर्वेला झरपट, पश्चिमेला इरई. दोन्ही नद्या गावाच्या दक्षिणेला एकत्र येतात. गावाच्या आत रामाळा तलाव. म्हणजे ज्याने कोणी ही जागा निवडली, त्याने आधी पाणी बघितलं होतं.

आता अंचलेश्वर गेटातून बाहेर पडा आणि झरपटकडे बघा. ज्या पाण्याने राजा बरा झाला म्हणतात, त्यावर आज बहुतेक वेळा जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला असतो, आणि खाली सांडपाणी. चैत्रात महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, तेलंगणातून हजारो माणसं येतात, पोतराज येतात, देवीची गाणी म्हणत रात्र काढतात. त्यांची आंघोळीची नदीही हीच. तिथे उभं राहून ही गोष्ट आठवली की हसू येत नाही.

इथे थोडं थांबू, कारण तुम्ही विचाराल, हे सगळं कोणी लिहून ठेवलं? गोंड राजांची स्वतःची बखर हाताशी नाही. आज आपण जी राजांची यादी आणि कथा सांगतो, त्यातला मोठा भाग मेजर लूसी स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८६९च्या अहवालातून आलाय. तो होता जमीन महसुलाचा अहवाल! शेतसारा ठरवायला आलेल्या माणसाने लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी टिपून ठेवल्या. म्हणून राजांच्या सालांवर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ओरिजिनल डेटाबेस गेला, एका बाहेरच्या माणसाने घेतलेला बॅकअप उरला.

राणी हिराई

अंचलेश्वर देवळाच्या बाजूलाच गोंड राजांच्या समाध्या आहेत. सगळ्यात मोठी समाधी बीरशाहची. ती बांधली त्याच्या राणीने, हिराईने. ताजमहालाचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो, राजाने राणीसाठी बांधलेला. इथे राणीने राजासाठी बांधलंय. बीरशाहचा खून झाला. मूल नव्हतं. हिराईने रामशाहला दत्तक घेतलं, तो मोठा होईपर्यंत राज्य चालवलं आणि महाकालीचं देऊळ नव्याने बांधलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आज महाकालीला जो लाखाचा मेळा भरतो, त्यात किती जणांना हे नाव माहीत असेल? पुढच्या वेळी दर्शनाला गेलात तर रांगेत शेजारच्याला सांगा. रांग मोठी असते, वेळ भरपूर मिळतो.

वेळ असेल तर तिथून लालपेठला जा. कोळसा खाणीचा भाग आहे, ट्रक आणि धूळ असणारच. तिथे उघड्यावर अवाढव्य दगडी मूर्ती आडव्या पडलेल्या आहेत. त्यातली एक दहा तोंडांची दुर्गा. रायप्पा नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याला भलंमोठं देऊळ बांधायचं होतं, पण मूर्ती उभ्या करण्याआधीच तो गेला, असं सांगतात. मूर्ती कधी उठल्याच नाहीत. एका मूर्तीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत जा, म्हणजे त्या माणसाने काय मनात धरलं होतं ते कळेल.

एकाच पत्त्यावर तीनशे वर्षं

आता ज्या जागेसाठी मी हा भाग केला तिथे येऊ. ती जागा तुम्ही बाहेरूनच बघू शकता.

चंद्रपूरचं जिल्हा कारागृह. गोंड राजांचा राजवाडा इथे होता. १७५१ मध्ये शेवटचा राजा नीळकंठशाह याच्याकडून नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी राज्य घेतलं. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून परकोट फोडला. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. पुढे नागपूरचं राज्य खालसा झालं, चांदा थेट इंग्रजांकडे आला आणि राजवाड्याच्या जागी तुरुंग झाला.

आणि मग १८५८. बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके, आज गडचिरोली जिल्ह्यात येणाऱ्या अहेरी तालुक्यातल्या किष्टापूरचा तरुण जमीनदार. जन्म १२ मार्च १८३३. उत्तरेत १८५७ चा उठाव चालू असताना त्याने गोंड, माडिया, रोहिले अशा तरुणांची फौज जमवली, नाव 'जंगोम दल'. राजगड घेतलं, नांदगाव-घोसरीला इंग्रजांशी लढाई झाली. एप्रिल १८५८ च्या अखेरीस अहेरीजवळच्या चिंचगुंडीला तारखात्याच्या कॅम्पवर हल्ला झाला आणि त्यात दोन इंग्रज मारले गेले. मी रोज नेटवर्कवर काम करतो म्हणून असेल, पण ही घटना मला वेगळी वाटते. तार हे त्या काळचं इंटरनेट होतं. इंग्रजांचं राज्य तारेवर चालतं, हे जंगलातल्या पंचविशीच्या पोराला नेमकं समजलं होतं.

सप्टेंबरमध्ये तो पकडला गेला. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला त्याला फाशी दिली. वय २५. माझ्यापेक्षा लहान, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा.

आता हे एकत्र ठेवून बघा. गोंड राजांचा राजवाडा, त्याचा झाला तुरुंग, आणि त्या तुरुंगात गोंड तरुणाला फाशी. एकाच पत्त्यावर. त्याच आवारात गैबीशाह वलींचा दर्गाहही आहे. मोहरमला दोन दिवस तुरुंगाचं दार सर्वसामान्यांसाठी उघडतं आणि सगळ्या धर्मांची माणसं दर्शनाला रांग लावतात. २१ ऑक्टोबरला त्या पिंपळाजवळ शेडमाकेंना अभिवादन करायला माणसं येतात, पिवळे फेटे, पिवळे झेंडे घेऊन. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, कुठून कुठून.

इथे मनाला लागणारी गोष्ट सांगतो. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. पण आजही तिकडची कितीतरी गोंड, माडिया माणसं चंद्रपूरला येतात ती दवाखान्यासाठी, कागदासाठी, कॉलेजच्या ॲडमिशनसाठी. बसस्टँडवर बोचकं घेऊन बसलेल्या एखाद्या आबाजींना आपण 'जंगलातून आलेले' म्हणतो. ते ज्या गावात आलेत ते त्यांच्या पूर्वजांनी बांधलेलं आहे, दरवाज्यावर त्यांचाच सिंह आहे, आणि तरी या गावात पाहुण्यासारखं तेच वागतात. गावातून पायी फिरायला लागल्यापासून मला बसस्टँडचं हे दृश्य पूर्वीसारखं दिसत नाही.

टेकवाल्यांसाठी एक माहिती देतो. गोंडीला दोन लिप्या युनिकोडमध्ये मिळाल्या आहेत: मसराम गोंडी २०१७ मध्ये, गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. म्हणजे जगातल्या कोणत्याही फोनला ती अक्षरं ओळखता येऊ शकतात. परकोटाच्या चारही दरवाज्यांवर मात्र गोंडीत लिहिलेला एकही फलक मला अजून दिसलेला नाही.

भिंत कोणाची?

बुरुजांवर झाडं उगवली होती, आत कचरा, भिंतीवर खर्र्याच्या पिचकाऱ्या. मार्च २०१७ मध्ये इथल्या इको-प्रो संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी परकोट साफ करायला घेतला. एक-दोन दिवस फोटोपुरतं नाही, शेकडो दिवस. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. आज काही भागांत तुम्ही भिंतीवरून चालू शकता ते या श्रमदानामुळे.

पण दुसरी बाजूही ऐका. पठाणपुऱ्याकडे भिंतीला लागून राहणाऱ्या एक काकू एकदा मला म्हणाल्या, "बाबू, तू फोटो काढून चालला जातं. आमच्या घराले माळा चढवाची परमिशन भेटत नाही, त्याचं काय?"

त्यांचं म्हणणं खोटं नाही. परकोट केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. २०१० च्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. एकट्या देवळाला हा नियम लावला तर चार-दहा घरं अडतात. इथे स्मारक म्हणजे अख्ख्या गावाभोवती फिरणारी भिंत आहे! तिच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर मोजा, किती वस्त्या येतात बघा. यातली बरीच घरं गरिबांची आहेत. भिंत टिकायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिची किंमत कोण देतंय हे बघायचं असेल तर पर्यटकासारखं गेटवर फोटो काढून भागत नाही. भिंतीच्या कडेकडेने, गल्ल्यांमधून जावं लागतं, आणि थांबून बोलावं लागतं.

पुराचंही तेच. इरईला पूर आला की पठाणपुरा गेटबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणत्या साली पाणी कुठपर्यंत आलं ते भिंतीच्या दगडावर बोट ठेवून सांगतील. ही माहिती कोणत्याही ॲपमध्ये नाही.

चालायचं कसं?

आता थोडं कामाचं.

एक. उन्हाळ्यात हा उद्योग करू नका. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, दगड तापतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सहाला निघा. नऊला तर्री-पोहे खाऊन घरी.

दोन. एका दिवशी सगळं बघू नका. पहिल्या रविवारी जटपुरा ते रामाळा तलाव, बगड खिडकी. दुसऱ्या रविवारी अंचलेश्वर, समाध्या, महाकाली. तिसऱ्या रविवारी पठाणपुरा ते बिनबा.

तीन. मॅप वापरा, पण वाट विचारताना माणसाला विचारा. "विठोबा खिडकी कुठे आहे काका?" असं विचारलं की वाटेसोबत दोन गोष्टी फुकट मिळतात. परवानगी घेऊन त्या फोनवर रेकॉर्ड करा. फाइलच्या नावात तारीख आणि जागा लिहा, नाहीतर वर्षाने तुम्हालाच कळणार नाही काय कुठलं आहे.

चार. बुरुजावर चढताना कडेला जाऊ नका, दगड सुटलेले आहेत. आणि रील करताना कोणाच्या अंगणात, खिडकीत कॅमेरा घालू नका. परकोटाच्या आत लोक राहतात.

ताडोब्याला सफारीला गेलात तर आतल्या रस्त्याच्या कडेने उंच दगडी खांब दिसतील. गाइड सांगेल, गोंड राजांच्या काळातले आहेत, त्यांतून दोर ओवून घंटा बांधल्या होत्या, राजाच्या येण्या-जाण्याची खबर चांद्यापर्यंत पोचायची. सगळे जण वाघ शोधत असतात, खांबाकडे कोणी बघत नाही. तुम्ही बघा. ती या परकोटाचीच जंगलात गेलेली तार आहे.

तुम्ही चंद्रपूरचे नसाल तरी हरकत नाही. भद्रावती असेल, वैरागड असेल, माणिकगड असेल, नाहीतर तुमच्या गावची पडकी वेस असेल. तिला नाव काय आहे आणि ते का आहे, एवढंच आज घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज आम्हाला पाठवा. बोलणाऱ्याची परवानगी असेल तर पुढच्या एखाद्या भागात आपण ते सगळ्यांना ऐकवू. गोंडी, माडिया, झाडीबोली, वऱ्हाडी, ज्या बोलीत असेल त्या बोलीत चालेल. शुद्ध मराठीत करायची अजिबात गरज नाही.

पुढच्या भागात वैनगंगेच्या काठाने मार्कंड्याला जाऊ, जिथे नदी उत्तरेकडे वळते. तोवर चालत राहा, ऐकत राहा. जय सेवा, नमस्कार.